हवेचा कारभारी : विलिस कॅरियर

विद्यार्थी मित्रांनो, भर उन्हाळ्यात तुम्ही एखाद्या मोठ्या रुग्णालयात, बँकेत किंवा चित्रपटगृहात शिरता, तेव्हा दारातच गार हवेची झुळूक अंगावर येते. घाम सुकतो. जीव सुखावतो. पण ही हवा तिथे कशी आली, याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्या इमारतीच्या गच्चीवर किंवा तळघरात मोठी यंत्रे असतात. तेथून पत्र्याचे रुंद बोगदे छताजवळून प्रत्येक दालनापर्यंत नेलेले असतात. त्यांना डक्ट म्हणतात. ही यंत्रे बसवणाऱ्या आणि बिघडल्यास दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची एक तुकडी असते. त्यांच्यापैकी कोणी पत्रा कापतो, कोणी नळ जोडतो, कोणी विजेच्या तारा ओढतो. या सर्वांवर देखरेख करणारा एक प्रमुख असतो. कोणत्या दालनाला किती हवा लागेल, कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, यंत्र सुरू करण्यापूर्वी काय तपासायचे, हे सारे त्याला पाहावे लागते. काम बिघडले तर पहिला जाब त्यालाच द्यावा लागतो.

या कामाला ज्यांनी शास्त्राची शिस्त लावली, त्यांचे नाव विलिस हॅविलंड कॅरियर. त्यांना वातानुकूलनाचे जनक म्हणतात. वातानुकूलन म्हणजे हवा नुसती थंड करणे नव्हे. हवेची उष्णता, तिच्यातील ओलावा, तिची स्वच्छता आणि तिचा प्रवाह या चारही गोष्टी ताब्यात ठेवणे म्हणजे वातानुकूलन. हिवाळ्यात हवा उबदार ठेवणे हेही त्यातच येते.

विलिस यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला गावाजवळच्या एका शेतावर झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक मूल. त्यांची आई मोठी हिकमती होती. घड्याळ बंद पडो की शिवणयंत्र अडो, ती स्वतः ते उघडून दुरुस्त करी. लहानपणी विलिसला गणितातील अपूर्णांक काही केल्या समजेनात. तेव्हा आईने त्याला तळघरातून सफरचंदे आणायला सांगितली. एका सफरचंदाचे दोन भाग, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचे आठ भाग करायला लावले. मग त्या फोडींचीच बेरीज आणि वजाबाकी करवून घेतली. पुस्तकात न उमजलेली गोष्ट हातात आल्यावर लगेच उमजली. कितीही मोठी अडचण असो, तिचे लहान भाग करून एकेक भाग समजून घ्यायचा, हा धडा विलिस जन्मभर विसरले नाहीत. ते अकरा वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. पण तिची ही शिकवण त्यांच्याजवळ राहिली.

घरची परिस्थिती बेताची होती. शाळा संपल्यावर लगेच महाविद्यालयात जाणे त्यांना शक्य झाले नाही. काही काळ त्यांनी मुलांना शिकवले. शेवटी १८९७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. पण शिष्यवृत्तीने पोट भरत नाही. त्यासाठी त्यांनी लोकांच्या बागेतील गवत कापले, घरे उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या सांभाळल्या, खाणावळीत ताटे वाढली. कष्ट करत करत १९०१ साली ते अभियंता झाले.

त्याच वर्षी बफेलो शहरातील बफेलो फोर्ज या कंपनीत त्यांना नोकरी लागली. पगार होता आठवड्याला दहा डॉलर. ही कंपनी इमारती गरम ठेवणारी साधने आणि हवा खेळवणारे मोठे पंखे बनवत असे. लाकूड आणि कॉफी सुकवणारी यंत्रणा आखण्याचे काम विलिस यांच्याकडे आले. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की अमुक लांबीचा वाफेचा नळ हवेला किती उष्णता देतो, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. सगळा कारभार अंदाजपंचे चालला होता. कमी पडू नये म्हणून नळ जास्त लावायचे, अशी रीत होती. त्यामुळे पैसा वाया जाई आणि तरीही काम नीट होईल याची खात्री नसे.

विलिस यांनी स्वतःहून प्रयोग सुरू केले. नळांतून वाफ सोडली, त्यांच्यावरून हवा वाहवली, प्रत्येक वेळी तापमान मोजले आणि आकडे लिहून ठेवले. त्यांतून त्यांनी कोष्टके तयार केली. या कोष्टकांमुळे कंपनीचे एकाच हंगामात चाळीस हजार डॉलर वाचले. मग कंपनीने एक प्रयोगशाळा उघडली आणि तिचा कारभार या तरुणाच्या हाती सोपवला.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्याची तक्रार कंपनीकडे आली. तेथे रंगीत छपाई होई. रंगीत चित्र छापताना एकच कागद पुन्हा पुन्हा यंत्रातून जातो आणि दर वेळी त्यावर एक रंग चढतो. पण पावसाळी, दमट हवेत कागद फुगे. कोरड्या हवेत तो आकसे. मग दुसरा रंग पहिल्या रंगावर नेमका बसत नसे. चित्रातील माणसाच्या ओठांचा लाल रंग गालावर जाई! छापलेले कागद वाया जात आणि मासिके वेळेवर निघत नसत.

हे काम पंचवीस वर्षांच्या विलिस कॅरियर यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी आधी हवामान खात्याच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या कोणत्या काळात हवेत किती ओलावा असतो, याचा हिशेब मांडला. मग एक साधी गोष्ट कामी आली. ती तुम्हीही पाहिली असेल. बर्फाच्या पाण्याने भरलेला पेला टेबलावर ठेवला, की थोड्या वेळाने त्याच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात. हे पाणी पेल्यातून झिरपत नाही. ते हवेतून येते. थंड वस्तूला लागून हवा गार झाली, की तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि हवा तेवढी कोरडी होते. कॅरियर यांनी नेमके हेच मोठ्या प्रमाणावर करायचे ठरवले. ज्या नळांतून वाफ सोडून हवा गरम करत, त्यांतून थंड पाणी सोडायचे आणि त्यांच्यावरून हवा न्यायची. नळ किती थंड ठेवायचे आणि हवा किती वेगाने वाहू द्यायची, हे त्यांनी मोजून ठरवले. १७ जुलै १९०२ ही तारीख या यंत्रणेच्या नकाशांवर आहे. बारा महिने छापखान्यातील सापेक्ष आर्द्रता ५५ टक्के ठेवायची, म्हणजे त्या तापमानाला हवेत जेवढे बाष्प मावू शकते त्याच्या ५५ टक्के बाष्प असू द्यायचे, असे त्यांनी योजले होते. त्यासाठी दररोज सुमारे ४९ टन बर्फ वितळवण्याइतकी थंडी लागणार होती. काही थंडी विहिरीच्या पाण्यापासून आणि उरलेली थंड करणाऱ्या यंत्रापासून मिळवायची होती.

एवढ्यावर कॅरियर यांचे समाधान झाले नाही. ओलावा ताब्यात ठेवण्याचा अधिक चांगला मार्ग ते शोधत होते. १९०२ च्या अखेरीस पिट्सबर्ग शहराच्या रेल्वे फलाटावर ते गाडीची वाट पाहत उभे होते. सगळीकडे दाट धुके पसरले होते. त्या धुक्याकडे पाहता पाहता त्यांच्या मनात एक विचार आला. ही हवा बाष्पाने पूर्ण भरलेली आहे, पण थंड असल्यामुळे तिच्यात बाष्प मुळात थोडेच मावते. तेव्हा आपण मुद्दाम धुके तयार केले आणि त्याचे तापमान हवे तेवढे ठेवले, तर हवेत किती ओलावा ठेवायचा हे आपल्या हाती येईल. म्हणजे थंड पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन हवा कोरडी करायची! पाण्याने हवा सुकवणे ही कल्पना ऐकायला उलटी वाटते, पण ती खरी ठरली. अशा यंत्राचे पेटंट त्यांना जानेवारी १९०६ मध्ये मिळाले. पाणी अधिक कोमट ठेवले, तर हेच यंत्र कोरड्या हवेला ओलावाही देऊ शकत होते.

याचा मोठा उपयोग कापडगिरण्यांना झाला. तुमच्यापैकी जे भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीकडचे असतील, त्यांना हे सांगायला नको. हवा फार कोरडी झाली, की सूत ठिसूळ होते आणि वारंवार तुटते. सूत तुटले की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी बुडते. अमेरिकेतील सूतगिरण्यांतही हीच अडचण होती. गिरण्यांची कामे करणारे स्टुअर्ट क्रेमर हे अभियंता हवेतील ओलाव्यावर काम करत होते. वातानुकूलन या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांनीच १९०६ साली प्रथम वापरला. पुढे १९११ साली कॅरियर यांनी हवेतील उष्णता आणि ओलावा यांचा संबंध दाखवणारी सूत्रे यांत्रिक अभियंत्यांच्या सभेपुढे मांडली. त्यांवर आधारलेला तक्ता आजही या कामातील माणसे वापरतात.

मित्रांनो, येथवर वाचून तुम्हाला वाटेल, की या माणसाला प्रत्येक कामात यशच मिळाले. तसे नव्हते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मिसूरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील एका काचेच्या कारखान्यात वायू स्वच्छ करणारे यंत्र बसवायला त्यांना पाठवले होते. ही पद्धत नवी होती. पूर्वी ती एकदाच आणि तीही वेगळ्या परिस्थितीत वापरली गेली होती. यंत्र बसले, सुरूही झाले. पण कंपनीने दिलेल्या हमीप्रमाणे ते काम देईना. कॅरियर हादरून गेले. त्यांची झोप उडाली. पोटात गोळा येऊ लागला.

काही दिवसांनी त्यांनी स्वतःला सावरले. नुसत्या काळजीने यंत्र सुधारणार नाही, हे त्यांनी ओळखले. आधी त्यांनी मनाशी विचार केला, की वाईटात वाईट काय होईल? आपल्याला कोणी तुरुंगात टाकणार नाही. फार तर नोकरी जाईल आणि यंत्र काढून न्यावे लागल्यामुळे कंपनीचे वीस हजार डॉलर बुडतील. मग तसे झालेच तर ते सोसायची त्यांनी मनाची तयारी केली. एवढे होताच मन शांत झाले. शांत मनाने त्यांनी यंत्राच्या पुन्हा चाचण्या घेतल्या. पाच हजार डॉलरची आणखी साधने बसवली तर यंत्र नीट चालेल, असे त्यांना आढळले. तसे केले आणि यंत्र चालले. वीस हजारांचे नुकसान टळले आणि उलट पंधरा हजार डॉलर हाती आले. चूक झाकायची नाही, दुसऱ्यावर ढकलायची नाही, ती शोधून दुरुस्त करायची, हा नियम त्यांनी पुढेही पाळला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. बफेलो फोर्ज कंपनीने फक्त वस्तू बनवण्याचे ठरवले आणि यंत्रणा आखून बसवून देण्याचे काम बंद केले. कॅरियर आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. अखेर सात तरुण अभियंत्यांनी आपापल्या जवळचे पैसे एकत्र केले. बत्तीस हजार सहाशे डॉलर जमले. त्या भांडवलावर जून १९१५ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. सुरुवातीला तिचा कारखानाही नव्हता. यंत्राचे भाग बाहेरून बनवून घ्यायचे, नकाशे आपण काढायचे, कारागीर पाठवून यंत्रणा बसवायची आणि ठरलेली हवा मिळेल याची हमी द्यायची, असा त्यांचा व्यवहार होता. हमी देणे म्हणजे शब्द देणे. ठरलेली हवा मिळेपर्यंत काम पुरे झाले, असे म्हणता येत नसे.

त्या काळी थंड करणाऱ्या मोठ्या यंत्रांत बहुधा अमोनिया वायू वापरत. तो विषारी असतो. तो गळाला तर डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. कारखान्यात एक वेळ हे चालेल, पण हजारो लोक बसतात अशा ठिकाणी असे यंत्र ठेवणे धोक्याचे होते. शिवाय ही यंत्रे फार अवजड असत. कॅरियर यांनी वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या जोरावर चालणारे, आकाराने लहान असे नवे यंत्र तयार केले. त्यात डायलीन नावाचा, अमोनियापेक्षा कमी धोक्याचा द्रव वापरला होता. हे यंत्र १९२२ साली त्यांनी लोकांना दाखवले. १९२४ साली डेट्रॉइट शहरातील हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसवली गेली. त्या दुकानाच्या तळघरात स्वस्त विक्रीच्या दिवशी इतकी गर्दी होई, की उकाड्याने ग्राहकांना भोवळ येत असे.

खरी परीक्षा झाली ती १९२५ साली, न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात. उन्हाळ्यात चित्रपटगृहे ओस पडत. काही ठिकाणी जमिनीतून गार हवा सोडत, पण तिने प्रेक्षकांचे पाय गारठत आणि डोके मात्र तापलेलेच राही. कॅरियर यांच्या अभियंत्यांनी ही रीत उलटी केली. गार हवा छताकडून हळूहळू खाली सोडायची आणि ती खालच्या बाजूने परत ओढून घ्यायची.

पण काम सुरू होण्याआधीच एक अडथळा आला. नव्या द्रवाचे नाव शहराच्या सुरक्षा नियमांत नव्हते. तपासणी अधिकाऱ्याने परवानगी नाकारली. कॅरियर रागावले नाहीत, की त्यांनी वशिलाही शोधला नाही. ते थेट त्या अधिकाऱ्याच्या कचेरीत गेले. एका भांड्यात तो द्रव ओतला आणि त्यात पेटती काडी टाकली. अधिकारी घाबरला. पण स्फोट झाला नाही. द्रव संथपणे जळत राहिला. परवानगी मिळाली. अर्थात, आपल्या हातातील द्रव काय करील हे कॅरियर यांना पक्के ठाऊक होते. असे प्रयोग तुम्ही मुळीच करू नका!

मे महिन्याच्या अखेरीस, सुट्टीच्या उकाड्यात, पहिला खेळ होता. मोठ्या चित्रपट कंपनीचे प्रमुख ॲडॉल्फ झुकर स्वतः सज्जात येऊन बसले होते. यंत्राची शेवटची जुळवाजुळव करायला उशीर झाला आणि यंत्र सुरू होण्याआधीच दारे उघडली. लोक आत लोटले. खुर्च्या भरल्या. मागे माणसे दाटीवाटीने उभी राहिली. सवयीप्रमाणे अनेकांनी हातपंखे बरोबर आणले होते. सुमारे दोन हजार पंखे एकदम हलू लागले. कॅरियर आणि त्यांचे सोबती बाजूला उभे राहून चिंतेने पाहत होते. तापलेले, माणसांनी खच्चून भरलेले दालन गार व्हायला वेळ लागतो, हे त्यांना माहीत होते. आता घाई करून उपयोग नव्हता. हिशेब बरोबर असेल तर हवा आपले काम करील, एवढाच भरवसा होता.

हळूहळू एकेक पंखा थांबू लागला. लोकांनी पंखे मांडीवर ठेवले. अगदी सवयीने वारा घेणारे काही जण उरले होते. शेवटी तेही थांबले. कॅरियर यांनी सुटकेचा श्वास टाकला. मोजमापाची साधने त्यांच्याजवळ पुष्कळ होती, पण त्या दिवशी स्थिर झालेले हे पंखे हेच खरे प्रमाणपत्र होते. खेळ संपल्यावर झुकर खाली आले आणि लोकांना हे आवडेल, अशी पसंती त्यांनी दिली. पुढच्या पाच वर्षांत सुमारे तीनशे चित्रपटगृहांत अशी यंत्रणा बसली.

यानंतर दुकाने, कचेऱ्या, रुग्णालये, इतकेच नव्हे तर अमेरिकेच्या संसदेची सभागृहेही वातानुकूलित झाली. १९३९ साली कॅरियर यांनी गगनचुंबी इमारतींसाठी लहान नळांतून वेगाने हवा नेणारी पद्धत काढली. दुसऱ्या महायुद्धात उंच आकाशातील कडाक्याची थंडी जमिनीवर निर्माण करून विमानांची इंजिने तपासायची होती. त्या बोगद्यासाठी लागणारी थंडी मिळवण्याचे अवघड कामही त्यांनी पार पाडले. आयुष्यात त्यांनी ऐंशीहून अधिक पेटंटे मिळवली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर या विद्येची दुसरी बाजूही जगाला कळली. थंड करणाऱ्या यंत्रांत पुढे वापरात आलेले काही वायू पृथ्वीवरील ओझोनच्या थराला इजा करतात, असे आढळले. म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे अनेक देशांनी करार करून ते वायू बंद करत नेण्याचे ठरवले. त्यामुळे आज यंत्र दुरुस्त करणाऱ्या तुकडीच्या प्रमुखावर आणखी एक जबाबदारी आली आहे. वायू हवेत सोडून न देता तो टाकीत भरून घेतला जातो की नाही, हे त्याला पाहावे लागते.

मित्रांनो, कॅरियर यांच्या जीवनातून तुम्ही काय घ्याल? तुमच्यापैकी कोणी उद्या अशा तुकडीत काम करील, कोणी तिचा प्रमुख होईल, तर कोणी अगदी वेगळा व्यवसाय धरील. काम कोणतेही असो, आधी मोजा, मग बोला. अडचण मोठी वाटली तर तिच्या फोडी करा. काम बिघडले तर पुढे होऊन जबाबदारी घ्या. आणि शब्द दिला असेल, तर शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाचा पंखा थांबेपर्यंत जागा सोडू नका.